सर ह्यू रोझ याची मध्य हिंदुस्थानातील मोहीम आणि तिचा जमाखर्च

श्रीमहाकालेश्वराच्या उज्जयिनीशी गोमंतकीय महाजन कुळांचे नाते फार जुने आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांचे कारभारी रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी महाकालाच्या भग्न देवालयाचा जीर्णोद्धार केला. पुढे केरीचे जिवबादादा केरकर महादजी शिंदे यांच्या पदरी बक्षीगिरीपर्यंत चढले आणि १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे त्यांनी नेतृत्व केले. लखबादादा लाड यांचेही नाव त्याच मालिकेत येते. कोकण-गोव्याकडील अनेक कुटुंबे या कर्त्या पुरुषांच्या आश्रयाने माळव्यात गेली व तेथेच स्थिरावली. आज उज्जैनच्या माधव नगर भागातून हिंडताना कानांवर मराठी पडते, यामागे असा दोन-अडीच शतकांचा इतिहास उभा आहे. म्हणूनच माळव्याच्या भूमीवरून निघालेल्या एका कठोर मोहिमेचा वृत्तांत महाजन कुटुंबांना परका वाटू नये. ती मोहीम १८५८ सालची आणि तिचा सेनापती सर ह्यू रोझ.

रोझ येण्यापूर्वीच माळवा पेटला होता. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर तोफा डागल्या गेल्या व त्याच रात्री महूच्या छावणीतील पलटणींनी उठाव केला. गव्हर्नर जनरलचा हंगामी एजंट कर्नल ड्युरँड याला इंदूर सोडावे लागले. ऑगस्टमध्ये तो मुंबईकडून आलेल्या फौजेसह महूस परतला आणि पावसाळा संपताच त्याने धारवर चाल केली. धारच्या गादीवर त्या वेळी अल्पवयीन पवार राजा होता. २२ ऑक्टोबर रोजी किल्ल्यास वेढा पडला. ३१ तारखेस इंग्रज फौज तटाच्या भगदाडातून आत शिरली तेव्हा किल्ला रिकामा होता, कारण आतील लोक रात्रीच निसटले होते. शत्रू हाती लागला नाही, पण खजिना लागला. किल्ल्याची नासधूस झाली आणि संस्थान जप्त झाले. १८६० साली ते परत देण्यात आले खरे, परंतु बैरसिया परगणा मात्र त्यातून वगळून इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेल्या भोपाळच्या सिकंदर बेगमेस बक्षीस मिळाला. एकाचे काढून दुसऱ्यास देण्याची ही रीत पुढे अनेकदा दिसून येते.

धार पडल्यानंतर आठवडाभरातच, ८ नोव्हेंबर रोजी, उज्जैनच्या उत्तरेस क्षिप्रेच्याच काठी असलेल्या महिदपूरच्या छावणीवर बंडवाल्यांनी हल्ला केला. येथील माळवा कंटिंजंट इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असे, पण तिचा खर्च संस्थानिकांच्या माथी होता. त्या कंटिंजंटमधील बरेच शिपाई हल्लेखोरांस मिळाले आणि तोफा त्यांच्या हाती गेल्या. चाळीस वर्षांपूर्वी, डिसेंबर १८१७ मध्ये, याच महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पाडाव होऊन माळव्यातील मराठी स्वातंत्र्य संपुष्टात आले होते. तेथेच इंग्रजांच्या तोफा उलटाव्यात, याचा अर्थ भोवतालच्या मुलुखास समजल्याशिवाय राहिला नसेल. तथापि हा आनंद अल्पकाळ टिकला. हैदराबाद कंटिंजंटने पाठलाग करून त्या तोफा परत घेतल्या आणि नोव्हेंबरच्या अखेरीस मंदसोर येथे शाहजादा फिरोजशाह याच्या सैन्याचाही मोड झाला. उज्जैन शहर शिंद्यांच्या अमलाखालचे, व महाराज जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या पक्षाचे. त्यामुळे राजसत्तेने एक बाजू धरलेली आणि शिपायांचे मन दुसरीकडे ओढ घेणारे, अशी त्या दिवसांतील सर्वच संस्थानी मुलुखाची अवस्था होती.

अशा वेळी डिसेंबर १८५७ मध्ये सर ह्यू रोझ इंदुरास दाखल झाला. त्याचा जन्म १८०१ साली बर्लिन येथे झाला होता. सीरिया व कॉन्स्टँटिनोपल येथील वकिलातीत त्याची बरीच वर्षे गेली होती आणि क्रिमियाच्या युद्धात तो फ्रेंच सैन्याकडे इंग्रजांचा प्रतिनिधी होता. हिंदुस्थानात लढण्याचा त्यास अनुभव नव्हता, म्हणून जुने अधिकारी प्रथम त्याच्याकडे साशंकतेने पाहत. त्याच्या हाती आलेल्या ‘सेंट्रल इंडिया फील्ड फोर्स’ नामक फौजेचे दोन ब्रिगेड होते. एक महूस आणि दुसरा सीहोरास. गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई लष्कराच्या देशी पलटणी, मद्रासचे सॅपर आणि निजामाची हैदराबाद कंटिंजंट तीत होती. मुंबई लष्करात कोकणातील व देशावरील शिपायांचा भरणा मोठा असे, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरता कामा नये. झाशीच्या तटावर मराठी माणसे होती, तशी तटाखालीही होती.

मोहिमेचा प्रारंभच रक्ताने झाला. सीहोर येथील भोपाळ कंटिंजंटच्या शिपायांनी आदल्या वर्षी बंडाचा झेंडा उभारला होता. रोझ तेथे पोहोचल्यावर कैदेत असलेल्या शिपायांची झटपट चौकशी होऊन जानेवारी १८५८ च्या मध्यास त्यांस गोळ्या घालण्यात आल्या. इंग्रजी वृत्तांतात हा आकडा सुमारे दीडशे आहे, तर सीहोरची स्थानिक परंपरा १४ जानेवारी ही तिथी सांगून ३५६ हुतात्म्यांचे स्मरण करते. दोन आकड्यांमधील हे अंतर पुष्कळ बोलके आहे. ज्या फौजेजवळ बैल, उंट, दारूगोळा व धान्य यांचा तपशीलवार हिशेब होता, तिच्या दफ्तरातून मारलेल्या माणसांची नावे मात्र लोकांपर्यंत आली नाहीत. जानेवारीतच रोझ सीहोरहून निघाला. इकडे इंदुरास १० फेब्रुवारी रोजी अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांस फाशी देण्यात आले. संस्थानिकांनी काय समजावयाचे ते यातून समजावे, असा त्यामागील हेतू होता.

राहतगडचा किल्ला जानेवारीच्या अखेरीस पडला आणि तेथील प्रमुख फाजल महंमदखान यास किल्ल्याच्या दरवाजावरच फाशी देण्यात आले. ३ फेब्रुवारी रोजी रोझने सागरच्या किल्ल्याची सुटका केली. सुमारे १७० युरोपियन स्त्रिया व मुले तेथे सात महिन्यांहून अधिक काळ अडकून पडली होती. त्यांचे हाल खरे होते व सुटकेचा आनंदही खरा होता, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पुढे गढाकोटा हस्तगत झाला. मार्चच्या प्रारंभी एका घाटावर चढाईची हूल देऊन रोझने मदनपूरची खिंड ओलांडली. दुसऱ्या ब्रिगेडने चंदेरी घेतली आणि २१ मार्च रोजी रोझ झाशीपुढे येऊन उभा राहिला.

झाशीचा पूर्वेतिहास महाराष्ट्रास ठाऊक आहे. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव नेवाळकर निवर्तले. दत्तक दामोदरराव यांचा हक्क डलहौसीने नाकारला आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले. जून १८५७ मध्ये बंडवाल्या शिपायांनी जोखनबागेत सुमारे साठ युरोपियनांची, स्त्रिया व मुले यांसह, हत्या केली. ते कृत्य निंद्य होते आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. राणी लक्ष्मीबाई यांनी त्यानंतर इंग्रज अधिकाऱ्यांस पत्रे लिहून आपला त्यात हात नसल्याचे कळविले होते. परंतु रोझच्या सैन्यात झाशी हे नाव सूडाचे झाले होते, आणि त्या सूडाची वसुली ज्यांनी जोखनबाग पाहिलीही नव्हती त्यांच्याकडून व्हावयाची होती.

रोझची कार्यपद्धती येथे नीट पाहिली पाहिजे. त्याने प्रथम घोडदळाच्या चौक्यांनी शहर चहूबाजूंनी असे वेढले की आतून कोणी निसटू नये. नंतर तोफा सुरू झाल्या. तटावर स्त्रियाही दारूगोळा वाहत व तट दुरुस्त करीत असल्याचे इंग्रजांनी दुर्बिणीतून पाहिले. मार्चच्या अखेरीस तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन झाशीच्या मदतीस आले. वेढा न उठविता रोझने सुमारे दीड हजार माणसे बाजूस काढली आणि १ एप्रिल रोजी बेतवेच्या काठी तात्यांचा पराभव केला. सैनिकी दृष्टीने हे मोठे धाडस होते व युद्धशास्त्राचे अभ्यासक त्याची प्रशंसा करतात. ३ एप्रिल रोजी इंग्रजांनी तटास शिड्या लावल्या. ४ तारखेच्या रात्री राणीसाहेब निवडक लोकांसह किल्ल्यातून बाहेर पडून काल्पीकडे गेल्या. त्यांचे वडील मोरोपंत तांबे जखमी अवस्थेत पकडले गेले आणि झाशीत फासावर चढले.

त्यानंतर शहरात जे घडले त्याचा एक मराठी साक्षीदार होता. रायगड जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे हे कर्जबाजारी गृहस्थ. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत व भरपूर दक्षिणा मिळेल असे ऐकून ते चुलत्यासह १८५७ साली घरून निघाले. माळव्यातून जाताना महूजवळ त्यांच्या कानी बंडाची वार्ता आली. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते झाशीस पोहोचले आणि वेढ्यात सापडले. घरोघरी शिरलेले सैनिक, दिसेल त्या पुरुषाची कत्तल, आगीत जळणारे मोहल्ले, विहिरींत उड्या घेणारी माणसे आणि दिवसांमागून दिवस चाललेली लूट यांचे वर्णन त्यांनी केले आहे. या कत्तलीस ते ‘बिजन’ म्हणतात. फौजेच्या एकेका तुकडीस लुटीची पाळी कशी मिळाली आणि सोन्यानाण्यांपासून भांडी, धान्य व कपड्यांपर्यंत काय काय नेले गेले, हेही त्यांनी भिक्षुकाच्या नेमक्या नजरेने टिपले आहे. ग्रंथसंग्रहाचा नाश पाहून त्या विद्वान ब्राह्मणास झालेले दुःख आजही वाचवत नाही. इंग्रजी अंदाजाप्रमाणे झाशीत बंडवाल्यांची पाच हजारांच्या आसपास माणसे पडली. रोझकडील मृत व जखमी मिळून साडेतीनशेच्या आत होते. पाच हजारांत हत्यारबंद किती व नि:शस्त्र किती, याची वर्गवारी कोणी केली नाही.

गोडसे भटजींनी मिळविलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. अखेर गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. आपली हकीकत त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहून काढली. परंतु सरकारच्या भयामुळे ती लगेच छापणे शक्य नव्हते. चिंतामणराव वैद्य यांनी फेरफार करून ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध केली व मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. म्हणजे प्रसंगानंतर शंभराहून अधिक वर्षांनी या साक्षीदाराची जबानी शब्दशः नोंदली गेली.

रोझची मोहीम पुढे चालूच राहिली. ७ मे रोजी कोंच येथे लढाई झाली तेव्हा सावलीतही पारा ११० अंश फॅरनहाइटच्या वर गेला होता. उन्हाच्या झटक्याने अनेक गोरे शिपाई मेले. स्वतः रोझही त्या दिवशी अनेकदा कोसळला व पुन्हा घोड्यावर चढला. त्याच्या अंगी सहनशक्ती व निश्चय हे गुण होते, यात संशय नाही. २३ मे रोजी काल्पी पडली. आता काम संपले असे समजून प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर जाण्यापूर्वी रोझने १ जून रोजी फौजेस निरोपाचा हुकूम काढला. हजार मैलांहून अधिक कूच केले व शंभराहून अधिक तोफा घेतल्या, असा हिशेब त्यात होता. दुबळ्यांच्या व निराधारांच्या हक्कांचे या फौजेने रक्षण केले, असेही त्यात म्हटले होते. झाशीच्या गल्ल्यांतून जीव मुठीत धरून लपलेल्या वरसईच्या ब्राह्मणास हा हुकूम कोणी वाचून दाखविला असता तर त्यास काय वाटले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दैवगती अशी की, त्याच १ जून रोजी राणी लक्ष्मीबाई, रावसाहेब पेशवे व तात्या टोपे ग्वाल्हेरपुढे येऊन ठाकले. जयाजीरावांची बहुतेक फौज त्यांना मिळाली आणि महाराजांस आग्र्याकडे पळ काढावा लागला. सीहोरच्या गोळ्या, राहतगडच्या दरवाजावरील फास, अमझेऱ्याच्या राजाची फाशी आणि झाशीचे बिजन हे सर्व लोकांच्या मनात धाक बसावा म्हणून झाले होते. तो धाक खरोखर बसला असता तर पाच महिन्यांनंतर, पराभवांमागून पराभव पाहूनही, शिंद्यांचे शिपाई पराभूतांच्या बाजूस गेले नसते. शरण जाऊनही जीव वाचत नाही अशी ज्यांची खात्री झाली, त्यांना लढण्यावाचून दुसरी वाट उरली नव्हती. कठोरपणाने किल्ले लवकर पडले असतील, परंतु मने पडली नाहीत. या मोहिमेचा मुख्य बोध हाच आहे.

रोझला रजा रद्द करून पुन्हा घोड्यावर बसावे लागले. १६ जून रोजी मुरारची छावणी त्याने घेतली. इंग्रजी नोंदींप्रमाणे १७ जून रोजी, तर ग्वाल्हेरच्या परंपरेप्रमाणे १८ जून रोजी, कोटा की सराय येथील लढाईत राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. विरोधकांत सर्वांत शूर व सर्वांत लायक सेनानी त्याच होत्या, अशी कबुली खुद्द रोझने दिली आहे. १९ जूनला ग्वाल्हेर शहर व २० जूनला किल्ला इंग्रजांच्या हाती आला. तात्या टोपे यांनी मात्र आणखी दहा महिने माळवा, राजपुताना व नर्मदेच्या दोन्ही तीरांवर इंग्रजांस धावावयास लावले. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस त्यांस फाशी देण्यात आले.

त्याच दशकात गोमंतकातही एक उठाव झाला होता, त्याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. सत्तरीचे दीपाजी राणे यांनी १८५२ साली नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीज सत्तेस तीन वर्षे बेजार केले आणि १८५५ मध्ये तडजोडीने तो झगडा मिटला. पोर्तुगीज सत्ता दयाळू होती असा याचा अर्थ नव्हे. हातातील बळ अपुरे पडले की परकी सत्ता तडजोड करते, आणि बळ पुरेसे असले की ती फास उभारते, एवढाच त्याचा अर्थ.

रोझच्या जमेची बाजू पुष्कळ भरलेली आहे. १८६० मध्ये तो हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. १८६५ पासून पाच वर्षे आयर्लंडमधील सैन्याचे आधिपत्य त्याच्याकडे होते व तेथील फेनियन स्वातंत्र्यवाद्यांचा बंदोबस्त त्याने केला. १८६६ साली त्यास सरदारकी मिळाली आणि तिच्या किताबात ‘झाशी’ हे नाव गोवण्यात आले. १८७७ मध्ये तो फील्डमार्शल झाला व १८८५ साली पॅरिस येथे वारला. ज्या शहराची राख झाली, त्याचे नाव विजेत्याच्या किताबाचे भूषण ठरले. खुद्द ती झाशीही नाण्यासारखी फिरली. १८६१ साली इंग्रजांनी ती शिंद्यांस दिली आणि १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला परत करताना मोबदला म्हणून पुन्हा घेतली. त्याच १८८६ साली जयाजीराव निवर्तून बालवयी माधवराव शिंदे गादीवर आले. उज्जैनचे माधव नगर ज्यांच्या नावाची आठवण देते, ते हेच माधवराव.

खर्चाची बाजू मात्र जवळजवळ कोरी आहे. महाजन कुटुंबांस नोंदीचे महत्त्व सांगण्याचे कारण नाही. देवस्थानाच्या वहीत आजोबांचे, पणजोबांचे नाव लागलेले असते, म्हणून आज नातवाचा हक्क शाबीत होतो. नाव लागणे म्हणजे त्या देवाच्या अंगणात आपल्या कुळास जागा असणे, हे या मंडळींस रक्तातच ठाऊक आहे. सीहोरच्या मैदानावर रांगेने उभ्या केलेल्या शिपायांची, महिदपूरहून पळताना पडलेल्यांची, झाशीच्या हलवाईपुऱ्यात जळालेल्यांची नावे अशा कोणत्याही वहीत लागली नाहीत. त्यांच्या कुळांनी कोणत्या तिथीस श्राद्ध करावे, हेही कोणास ठाऊक नव्हते.

उज्जैनला क्षिप्रेच्या काठी सिद्धवटापाशी दुरून आलेले यात्रेकरू पितरांस पिंडदान करतात. ज्यांची तिथी व गोत्र ज्ञात नाही, त्यांच्यासाठीही आपल्या धर्माने सर्वपित्री अमावास्या राखून ठेविली आहे. महाकालाच्या दर्शनास जाणाऱ्या महाजन बंधुभगिनींनी त्या वेळी आपल्या कुळातील पितरांबरोबर या अज्ञातांच्या नावानेही एक ओंजळ पाणी क्षिप्रेत सोडावे. कोऱ्या राहिलेल्या त्या बाजूस तेवढी एक नोंद होईल.